बोटभर हिमालय

एरंडोलच्या आसपासच्या कुठल्याही घरातला जुना फोटो माझ्यासमोर ठेवा. स्टँडजवळच्या चाचांच्या स्टुडिओत काढलेला हवा, एवढीच अट. मी साल सांगते. नवऱ्याच्या बेलबॉटमवरून किंवा नवरीच्या बाह्यांवरून साल ओळखणारे पुष्कळ आहेत. मी नवरा-नवरीकडे बघतच नाही. मी त्यांच्या डोक्यामागच्या बर्फाकडे बघते. बर्फ खांद्यापर्यंत उतरलेला असेल तर फोटो ऐंशीच्या आसपासचा. कानाशी असेल तर चार-पाच वर्षांनंतरचा. फेट्याच्या तुऱ्याच्याही वर गेला असेल तर आणखी अलीकडचा. एकदा एका लग्नात या विद्येमुळे मी एका बाईंचं वय चारचौघांत सात वर्षांनी वाढवून ठेवलं होतं. त्यांनी मला पंगतीत जिलबी वाढू दिली नाही. पण माझं साल बरोबर होतं! चुकते मी ती एकाच ठिकाणी, आणि ते शेवटी सांगेन.

ही विद्या मला ज्यांनी दिली ते आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर. त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ते जिथे असतील तिथून येऊन माझ्या वाक्यांची प्रमाणं तपासतील.

सर चित्रकलेचे, पण शाळेत शिक्षक कमी आणि तास जास्त, म्हणून आठवीचा भूगोलही त्यांच्याच गळ्यात पडला होता. मी तेव्हा नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. वय तेवीस, उत्साह भरपूर आणि स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची नाही. पहिल्याच दिवशी सरांनी आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे! नंतर कळलं की कट्ट्यावर गोणपाटाखाली बर्फाची लादी ठेवलेली होती आणि तिच्याशेजारी बसायला त्यांना निमित्तच हवं होतं.

ही लादी ते जळगावहून एस.टी.नं आणत. भुशात घोळवलेली, गोणपाटात गुंडाळलेली, मागच्या सीटखाली ठेवलेली. पाळधी येईपर्यंत बसमधून ओघळ वाहायला लागे.

"सर, तुमचा माल गळतोय!" कंडक्टर ओरडायचा.

"माहितेय. मोजतोय मी," सर मांडीवरच्या वहीत आकडा टाकत म्हणायचे.

पहिल्या खेपेला लोकांनी कुरकुर केली म्हणे. दुसऱ्या खेपेपासून मागच्या सीटवर जागा मिळेना. एप्रिलचं ऊन, पत्र्याची बस आणि पायाखाली बर्फ! सगळे चपला काढून पाय त्या गोणपाटावर ठेवून बसायचे. सरांनी वहीत लिहून ठेवलं होतं : "बारा पावलांची उष्णता हिशेबातून वजा करावी."

बर्फ कसा वितळतो हे बघणं हाच त्यांचा उद्योग. कुठला कोपरा आधी जातो, मधे निळसर रंग कुठून येतो, दगड ठेवला तर तो बुडतो की वर राहतो. रंगवायच्या आधी ते गळ्यात लोकरी मफलर गुंडाळत. आमच्याकडे मे महिन्यात चिमण्यासुद्धा चोच उघडी ठेवून बसतात, आणि हे मफलर बांधून घामानं निथळत पांढरा रंग कालवताहेत. विचारलं तर म्हणत, "बाई, हाताला थंडी वाजल्याशिवाय बर्फ येत नाही."

एकदा त्यांनी दोन सारख्या लाद्या वर्गात उन्हात ठेवल्या. एक स्वच्छ. दुसरीवर कपाशीच्या शेतातली काळी माती चाळून भुरभुरवली. पोरांना विचारलं, आधी कोण संपेल? पोरं म्हणाली, स्वच्छ लादी, कारण दुसरीनं तर पांघरूण घेतलंय. अर्ध्या तासात पांघरूणवाली निम्मी झाली. काळा रंग ऊन पितो हे मी पुस्तकातून तीनदा शिकवलं होतं आणि तिन्ही वेळा पोरं झोपली होती. आता आख्खा वर्ग लाद्यांभोवती उकिडवा बसून हरणाऱ्या लादीला "टिक, टिक!" म्हणून ओरडत होता. दोन्ही लाद्यांचं पाणी एक होऊन व्हरांड्यातून हेडसरांच्या दाराखाली शिरलं. हेडसर धोतर वर धरून बाहेर आले.

"सर, हे काय आहे?"

"गंगा," सर म्हणाले. "उगम आठवी ब."

सरांनी हिमालय कधी पाहिला नव्हता. त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास भुसावळ जंक्शनपर्यंतचा. तिथे उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या बघायच्या आणि परतीची गाडी पकडायची. पण कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या वितळून मागे सरकताहेत. त्यांना ते पटेना. हिमालय आणि कमी होतो? त्यांनी थेट देहरादूनला पत्र टाकलं. तिकडच्या कुणा शास्त्रज्ञानं बिचाऱ्यानं उत्तरही पाठवलं. एकच पोस्टकार्ड, बारीक अक्षर, मजकूर एवढाच की होय, जुने नकाशे आणि एकाच जागेवरून वर्षानुवर्षं काढलेले फोटो यांच्याशी ताडून बघता काही मोठ्या हिमनद्यांची तोंडं मागे गेलेली दिसतात. ते कार्ड सरांनी शर्टाच्या खिशात इतके दिवस बाळगलं की घामानं शाई विरघळून गेली. "बघा बाई," ते मला कार्ड दाखवत म्हणाले, "पुरावासुद्धा वितळला."

त्यांचा घोळ एकच होता. हिमनदी तर उतारावरून हळूहळू खाली येत असते. मग तिचं तोंड मागे कसं जाईल? मी समजावलं की बर्फ पुढे येतोच, पण तोंडाशी तो येण्यापेक्षा वितळतो जास्त. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पी.टी.च्या तासाला मैदानात घुसले. नववीची आख्खी रांग त्यांनी लिंबाच्या झाडाच्या दिशेनं चालायला लावली आणि हुकूम सोडला, "शिट्टी झाली की पुढची पाच पोरं घरी!" रांग चालतेय, शिट्टी वाजतेय, पुढची पाच पोरं दप्तरं उचलून पळताहेत. पोरं सगळी पुढेच जात होती, पण रांगेचं तोंड लिंबापासून मागे मागे! सर आनंदानं नाचत होते, "कळलं! कळलं!" पी.टी.चे सर मात्र मोकळं मैदान बघत उभे. "अहो, माझा वर्ग कुठाय?"

"वितळला," मी म्हटलं. तेव्हापासून आमची दोस्ती.

आता चाचांचा परदा. सर शाळेबाहेर एकच काम करत, फोटोसाठी मागे लावायचे परदे रंगवायचं. चाचांच्या स्टुडिओतला नऊ फुटी हिमालय त्यांनीच रंगवला होता. चाचा हे आमच्या गावचे एकमेव मोठे फोटोग्राफर. त्यांचा लाकडी कॅमेरा तीन पायांवर एकाच जागी उभा, समोर गिऱ्हाइकाची खुर्ची एकाच जागी, मागे परदा. खुर्चीच्या पायांसाठी फरशीवर खुणा केलेल्या. तो हिमालय म्हणजे गावाची शान होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत बर्फ! चाचा म्हणायचे, "लोग मेरे पास फोटो के लिए नहीं आते, ठंडक के लिए आते हैं." खरंच होतं. पहूरहून आलेल्या एका बाईनं खुर्चीवर बसताबसता पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतलेला मी स्वतः पाहिला आहे.

दर मे महिन्यात सर परद्याची डागडुजी करायला जात. आणि ते पोस्टकार्ड आल्यापासून या डागडुजीत ते दर वर्षी बोटभर बर्फ कमी करत होते. पांढऱ्यावर बोटभर तपकिरी, मग दगडगोटे, मग राखाडी माती. चाचांना चार-पाच वर्षं पत्ता नाही. कसा असणार? चाचा काळ्या कापडात डोकं घालून बघत, आणि त्या जुन्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं. हिमालय चाचांनी आयुष्यभर पाय वर करूनच पाहिलेला! ते बघायचे फक्त गिऱ्हाइकाच्या हनुवटीकडे.

भांडं फोडलं धुळ्याकडच्या एका अक्कांनी. त्यांच्या थोरलीच्या लग्नाचा फोटो याच स्टुडिओतला, आणि आता धाकटीचाही. दोन्ही फोटो त्यांनी काउंटरवर शेजारीशेजारी आपटले.

"हाई काय शे? थोरलीना मांगे बठ्ठा बरफ, आनि धाकलीना मांगे निस्ता दगडं? आमनी धाकली काय सावत्र शे?"

चाचांनी पहिल्यांदा चष्मा लावून परद्याकडे सरळ पाहिलं. मग शाळेत आले. मधली सुट्टी होती. स्टाफरूमच्या दारातूनच गरजले, "मास्टर! मैंने हिमालय मांगा था, तुमने सातपुडा बना दिया!"

सर शांतपणे डबा खात होते. "चाचा, मी नाही केला. तो होतोय. मी फक्त कळवतोय."

"मला कळवायचं नाही! लग्नाचा सीझन आहे. लोकांना थंडा हिमालय पायजे!"

"मग खोटा परदा लावा."

"तो आधीसुद्धा खोटाच होता, मास्टर! कापड आहे ते!"

यावर स्टाफरूम हसली, सर हसले नाहीत. त्यांनी डबा बंद केला आणि आम्हा दोघांना उन्हातून स्टुडिओत नेलं. परद्याची मागची बाजू दाखवली. तिथे कोळशानं, सुरेख अक्षरात, दर वर्षीची नोंद होती. 'बोटभर कमी केले.' खाली पुढच्या वर्षीची, 'बोटभर कमी केले.' आणि सगळ्यात वर, चौकटीत : 'खऱ्या प्रमाणात हे अंतर केसाएवढेही होणार नाही. केस दिसत नाही, म्हणून बोट. प्रमाण वाढवले आहे. क्षमस्व.'

"शास्त्रज्ञ मोजतो," सर म्हणाले, "चित्रकारानं ते दिसेल एवढं करायचं. पण खोटं किती केलं ते मागं लिहून ठेवायचं."

चाचा वाचत राहिले. मनातून विरघळले असावेत, पण धंदा विरघळून चालत नाही. शेवटी पैज ठरली. चाचा भुसावळच्या पेंटरकडून पूर्ण बर्फाचा नवा परदा करून घेणार आणि दोन्ही परदे वर दांडीला टांगणार. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारणार, "भरा हुआ, या खरा?" पुढच्या रमजान ईदपर्यंत एका जरी गिऱ्हाइकानं आपण होऊन खरा मागितला, तर सरांचा परदा कायम राहील. नाहीतर त्यावर पांढरा रंग मारायचा, खुद्द सरांच्या हातानं. अट एकच. सरांनी तोंड उघडायचं नाही.

नवा परदा आला. त्यात पूर्ण बर्फ, तळं, तळ्यात दोन हंस आणि लाल कौलांचा बंगला, बंगल्याच्या धुराड्यातून धूर. सरांनी धुराकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं, मला वाटलं हरले! पण त्यांनी ते मिटलं. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी मला गाठून म्हणाले, "बाई, तो धूर! ती काजळी बर्फावरच बसणार! भुसावळवाल्यानं स्वतःच्याच हिमालयाला काळी माती लावलीय!"

वर्षभर सर शाळा सुटली की स्टुडिओतल्या स्टुलावर जाऊन बसत. मफलर गळ्यात, तोंडाला कुलूप. चाचा विचारायचे, "भरा हुआ, या खरा?" लोक म्हणायचे, "भरा हुआ." गावातला पहिलवान म्हणाला, "भरा हुआ." वकील म्हणाले, "अर्थात भरलेला." मी माझ्या ओळखीची माणसं पढवून पाठवली. बंदी सरांना होती, मला नव्हती! पण ती माणसं उन्हातून आत येत, हंस बघत आणि फितूर होत. एका टक्कलवाल्या पोस्टमनवर माझी फार भिस्त होती. तो उघड्या डोंगराकडे बघून म्हणाला, "हा नको. घरी आरशात बघतोच की." सर खोकले फक्त. चाचांनी लगेच, "मास्टर, खोकणंसुद्धा नाही!"

आणि मग माझी स्वतःची पाळी आली.

धुळ्याचं स्थळ होतं. मुलगा सरकारी नोकरीत, मुलीचा फोटो मागितलेला. आई मला मोरपंखी साडी नेसवून स्टुडिओत घेऊन गेली. सर स्टुलावर. चाचांनी मुद्दाम खणखणीत विचारलं, "बोलो टीचर, भरा हुआ, या खरा?"

ईद दोन महिन्यांवर होती. एक शब्द बोलायचा होता मला. मी सरांकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे बघत होते, जणू मला अडचणीत टाकू नये म्हणून. आई कानाशी म्हणाली, "मागं उघडाबोडका डोंगर घेऊन कोण फोटो पाठवतं गं स्थळाला?"

मी म्हटलं, "भरा हुआ."

हंस खाली आले. फोटो निघाला. जाताना सर एवढंच म्हणाले, "मोरपंखी बर्फावर छान उठतो." रागावले असते तर बरं झालं असतं. त्या हसऱ्या फोटोत माझे डोळे बघा, चोरी करताना सापडलेल्या मुलीसारखे आहेत. स्थळ जमलं. पुढे नवऱ्याला मी विचारलं, "फोटोतला बर्फ आवडला होता का हो?" तो म्हणाला, "मागे काही होतं का?"

ईद आली. मे महिन्यातलीच. सर दुपारी ब्रश, पांढऱ्या रंगाचा डबा आणि मफलर घेऊन स्टुडिओत हजर झाले. सोबत मी, तोंड पाडून. चाचांच्या घरची एक रीत होती : दर ईदला नमाज, शिरखुर्मा झाला की आख्खं घर नवे कपडे घालून स्टुडिओत येऊन फोटो काढायचं. चाची, चार पोरं, म्हातारी अम्मी, सगळे आपापल्या ठरलेल्या जागी. चाचांनी कॅमेरा लावला, सवयीनं हंसांचा परदा खाली सोडला आणि काळ्या कापडात डोकं घातलं.

"ये कौन सा है?" चाची वळून म्हणाल्या. "हे नको. आमचा लावा."

चाचा कापडाच्या आतून म्हणाले, "कोणता आमचा?"

"वो. दगडवाला."

सरांच्या डब्यातला रंग डचमळला. चाचा बाहेर आले. केस उभे. "अरे, ये अच्छा है! बघ, हंस आहेत!"

"मला हंस काय करायचेत?" चाचींनी पर्समधून मागच्या सगळ्या ईदचे फोटो काढले आणि खुर्चीवर ओळीनं मांडले. सहा फोटो. खुर्ची तीच, जागा तीच, माणसं तीच. डावीकडून उजवीकडे पोरं वर वर चढत होती आणि त्यांच्या मागे बर्फही वर वर चढत होता. पहिल्या फोटोत थोरल्याचं डोकं बर्फाच्या कडेशी, सहाव्यात तो वीतभर उंच झालेला आणि तरी बर्फ त्याच्या डोक्याच्या वरच. "मैं हर साल देखती हूँ," चाची म्हणाल्या. "पोरगं किती वाढलं, बर्फ किती गेला. आता एकदम हा नवा लावला तर माझी पोरं कुठून मोजू?"

मी सरांकडे पाहिलं. देहरादूनच्या शास्त्रज्ञानं नेमकं हेच लिहिलं होतं : एकाच जागेवरून, वर्षानुवर्षं काढलेले फोटो. हे आमच्या चाची एरंडोलात पर्समध्ये घेऊन हिंडत होत्या!

चाचांनी शेवटचा प्रयत्न केला. "ही गिऱ्हाईक नाही. ही घरवाली आहे!"

"बीस साल से तुम्हारे सामने बैठ के 'हिलो मत, हिलो मत' सुन रही हूँ," चाची म्हणाल्या. "माझ्याहून जुनं गिऱ्हाईक दाखवा."

चाचांनी दोन्ही हात वर केले. हंस वर गेले, दगड खाली आले. सर वर्षभर गप्प होते. आता बोलायची परवानगी होती. त्यांनी गळ्यातला मफलर काढला, चाचींच्या धाकट्या पोरीच्या गळ्यात बांधला आणि म्हणाले, "बर्फासमोर बसतेस. थंडी वाजेल."

माझं लग्न झालं, मी धुळ्याला गेले. पण दर मे महिन्यात माहेरी आले की नवरा, पुढे मुलगी, सगळ्यांना त्या खुर्चीवर बसवायची आणि चाचांनी विचारायच्या आधीच ओरडायची, "खरा!" सात-आठ फोटो झाले आमचे. मुलगी वर, बर्फ वर. सर निवृत्त झाले, शिडीवर चढताना दोनदा थांबायला लागले, पण मे आला की बोटभर बर्फ उचलायचेच. शेवटी शिखरावर टोपीएवढा पांढरा ठिपका उरला. एकच बोट.

पुढच्या वर्षी गेले तर ठिपका तेवढाच. मी नीट बघितलं. तेवढाच! सर स्टुलावर बसले होते.

"सर, यंदा रंगवलं नाहीत?"

"पोरीची वेणी नीट कर आधी," ते म्हणाले. "चाचा थांबलाय."

चाचा काळ्या कापडात शिरले. मी वेणी घालायच्या निमित्तानं हळूच परद्यामागे गेले. कोळशाच्या नोंदी ओळीनं खाली आल्या होत्या, 'बोटभर कमी केले', 'बोटभर कमी केले'. सगळ्यात खाली नवी ओळ होती, अक्षर थोडं थरथरलेलं : 'या वर्षी कमी केले नाही. कारण वैज्ञानिक नाही.'

पुढेही त्यांनी तो ठिपका कधी पुसला नाही. म्हणून त्यानंतरच्या फोटोंची सालं मला सांगता येत नाहीत.

त्या दिवशी मी तिथेच, परद्याला टेकून उभी राहिले असेन. पुढून चाचा ओरडले, "अरे, हिमालय कोण हलवतंय?"

"कोणी नाही चाचा," मी म्हटलं. "जागच्या जागी आहे."